तळाचा हिशेब

पुण्याच्या माणसाला पाण्याची भीती वाटत नाही, कारण तो पाण्यात उतरतच नाही. तो पाणी वाचतो. जुलै उजाडला की सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडून खडकवासला किती भरले, पानशेत किती, वरसगाव किती हे तो अशा आवाजात घरात जाहीर करतो, की ऐकणाऱ्याला वाटावे ते पाणी यानेच रात्रभर जागून बादल्यांनी ओतले आहे. मीही त्यातलाच. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, काउंटरच्या अलीकडे बसून बावीस वर्षे लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. पाण्याशी माझा संबंध ‘लिक्विडिटी’ या शब्दापुरता, आणि तोही परीक्षेपुरता.

अशा माणसाच्या नावावर आज एका शिडाच्या होडीचा अर्धा हिस्सा आहे, हे सांगितले तर आमच्या शाखेत कोणाला खरे वाटत नाही. मलाही रोज वाटत नाही. पण पासबुकात रक्कम वजा झालेली दिसते, तेव्हा वाटते.

याला कारण माझे मेव्हणे. एका कारखान्यात पंचवीस वर्षे यंत्रे दुरुस्त करून ते वेळेआधी निवृत्त झाले. अशा माणसाला घरात दुरुस्त करायला काही सापडले नाही, तर तो नातेवाइकांकडे वळतो. मुळशी तलावाच्या काठच्या एका वाडीत त्यांचे छोटे घर आहे, आणि माझी बदली नेमकी त्याच सुमारास पौडच्या शाखेत झाली. एका शनिवारी मी तिथे गेलो, तर अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी उताणे पडले होते.

“भावोजी, ओळखा काय ते.”

मी म्हणालो, “म्हशीचं दावण.”

मेव्हण्यांचा चेहरा पडला. ती एन्टरप्राइज जातीची होडी होती. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज माणसाने १९५६ साली ही जात काढली. प्लायवूडची, तेराएक फूट लांब, दोन माणसांची, निळ्या शिडांची. मध्यमवर्गीय माणसाला परवडावी आणि घराच्या अंगणात बांधता यावी अशी तिची कल्पना. आपल्याकडच्या क्लबांतून आणि सैन्याच्या केंद्रांतूनही ती खूप वापरली गेली. आमची होडी कुठल्यातरी क्लबच्या भंगारातून आलेली. तिचे शीड निळे असल्याचे मेव्हणे सांगत होते, म्हणून मी ते निळे मानले.

“फक्त थोडी डागडुजी आहे,” मेव्हणे म्हणाले. “निम्मे तुमचे, निम्मे माझे.”

वाचकहो, ‘थोडी डागडुजी’ हे शब्द ज्याने उच्चारले त्याला कर्ज देऊ नये, हा बँकेचा अनुभव आहे. पण मेव्हण्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्या पाठीशी हेड ऑफिस असते, आणि ते आपल्याच स्वयंपाकघरात बसते.

होडीचे काम करायला वाडीतलेच एक सुतार मिळाले. त्यांना सगळे मामा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मामांनी जन्मभर दारे, खिडक्या, तुळया आणि नांगर केले होते. नांगर म्हणजे शेतातला. जहाजाचा नांगर त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेराने जागोजाग टकटक केली, आणि मग डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसे मेव्हण्यांना बाजूला घेतले.

“वरनं बरीय,” ते म्हणाले, “तळ गेलाय.”

इथून माझा जहाजांच्या इतिहासाचा अभ्यास सुरू झाला. पैसे घातले की माणूस अभ्यासू होतो.

पहिले काम तारांचे निघाले. होडीची डोलकाठी नुसती खोचून उभी राहत नाही. एक तार पुढे नाळेकडे आणि दोन तारा दोन बाजूंना, अशी ती तिघांनी मिळून ताणून धरलेली असते. बाजूच्या तारेला इंग्रजीत श्राउड म्हणतात. हाच शब्द इंग्रजीत कफनालाही आहे, हे मला शब्दकोशात दिसले तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. मेव्हण्यांनी स्कूटरच्या क्लचच्या तारा आणून लावल्या. “तार ती तार,” ते म्हणाले. एप्रिलचे दिवस होते. अंगणात वहिनींनी आणि आमच्या हिने मिळून पाच किलो गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. दुपारी वाऱ्याची एक झुळूक आली, कट्‌ असा आवाज झाला, आणि साडेपाच-सहा मीटरची ती काठी कुरडयांवर अशा बेताने आडवी झाली की एकही वाचली नाही. माझ्या माहितीप्रमाणे, कोरड्या जमिनीवर एवढी मालहानी करणारी ही आधुनिक काळातली एकमेव जलवाहतूक दुर्घटना असावी. पुढचे दोन रविवार आम्ही दोघे पुरुष चहा स्वतः करून घेत होतो.

पण हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. डोलकाठी मोडणे म्हणजे काय, हे कमांडर अभिलाष टॉमी यांना विचारावे. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांची ‘थुरिया’ उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. जवळपास जमीन नाही, हलता येत नाही. तीन दिवसांनी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांना उचलले. आणि हा गृहस्थ २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीला गेला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरा आला! आमच्याकडे एकदा जिन्यात पाय मुरगळला तर माणूस वर्षभर वरच्या मजल्यावरच्यांकडे जात नाही.

मग मेव्हण्यांनी रीतसर न गंजणाऱ्या पोलादाची, एकोणीस धाग्यांची तार आणली, आणि टोके यंत्रावर दाबून घेतली. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती मी कायमची लक्षात ठेवली आहे. तार मधे तुटत नाही. ती तुटते टोकाला, जिथे ती खोबणीत शिरते. तिथे पाणी साचते, तिथेच ती हिसक्याहिसक्याने वाकते, आणि आतल्या आत एकेक धागा जातो. म्हणून तारेवरून कापसाचा बोळा फिरवायचा. कुठे अडकला तर समजावे, एक धागा गेला. बाकीचे अठरा कितीही चकचकीत असले तरी ती तार त्या दिवशी बाद. माझ्या डोळ्यांसमोर बँकेतली सारी प्रकरणे उभी राहिली. आमच्याकडेही अफरातफर कधी खात्याच्या मधोमध होत नाही. दोन टेबलांच्या सांध्यात होते. बोळा फिरवणारा इन्स्पेक्टर मात्र वर्षातून एकदाच येतो, आणि तोही आधी कळवून.

दुसरे काम तळाचे. होडीच्या तळाला जो कणा असतो त्याला इंग्रजीत कील म्हणतात आणि आपल्या किनाऱ्यावर पठाण म्हणतात. हे नाव मला फार आवडले. आपण वर शीड बघतो, रंग बघतो. खाली मात्र एक पठाण मुकाट्याने उभा राहून सगळ्यांना तोलून धरतो. वारा बाजूने येतो आणि होडीला आडवे ढकलू पाहतो. खालचा कणा पाण्याला अडून बसतो आणि आडवे जाऊ देत नाही. मग या दोघांच्या चिमटीत सापडलेली होडी, ओला चिंचोका बोटांत दाबला की सुटतो तशी, पुढे सुटते. शिडाची होडी वारा ढकलतो म्हणून चालते हे अर्धेच खरे. तळ ऐकत नाही, म्हणून ती चालते. संसारातही असेच असावे.

आमच्या होडीला मात्र पक्का पठाण नव्हता. मधे एक उभी पेटी आणि त्या पेटीतून खाली सोडायची लाकडी फळी. काठाला आले की वर ओढायची, खोल पाण्यात सोडायची. आमची फळी पाणी पिऊन फुगून पेटीत अशी बसली होती की ती ना वर येई ना खाली जाई. सरकारी फायलीचा स्वभाव. तिच्या खिळीचे भोक झिजून लंबगोल झाले होते आणि त्यातून पाणी आत येई. मेव्हण्यांच्या मनात आले, की आता काम काढलेच आहे तर हिला शिशाचा जडशीळ कील बसवावा. त्यांनी कुठेतरी ‘म्हादेई’चे चित्र पाहिले होते.

‘म्हादेई’ची गोष्ट खरी मोठी आहे. गोव्यात मांडवीच्या दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ही छप्पन्न फुटांची नौका तयार झाली. लाकडाच्या पट्ट्या जोडून त्यावर काचतंतूंचे कवच. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून एकटे निघाले ते २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीला प्रदक्षिणा घालून परत आले. असे करणारे ते पहिले भारतीय. अशा नौकेला खाली टनांवारी वजन लागते, कारण लाटेने आडवी केली तरी ती पुन्हा उभी राहिली पाहिजे.

मामांनी हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग हितं आडवी झाली तर उभी कोन करनार?”

“आत बसलेल्यांनी बाहेर कलून तोल सांभाळायचा,” मेव्हण्यांनी पुस्तकातले सांगितले.

मामांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. “मग शिसं कशाला? सायेब हायेत की.”

अशा रीतीने चौऱ्याऐंशी किलोंचा मी त्या होडीचा अधिकृत फिरता पठाण झालो. अर्धा हिस्सा वाया गेला नाही.

नवी फळी मामांनी केली. पुढची कड गोल आणि मागची निमुळती ठेवा, असे मेव्हणे आकृती काढून समजावत होते. पाणी कसे फाटते, कसे मिटते, घोटाळा कुठे होतो वगैरे. मामांनी आकृती उलटी धरली होती. “म्हंजी माशावानी,” ते म्हणाले, आणि रंधा घेतला. खिळीच्या भोकात पितळी नळी बसली, तिला दोन्हीकडून रबराच्या चकत्या लागल्या, आणि तळाच्या फटीला ट्रकच्या जुन्या ट्यूबचे दोन ओठ. होडी पळताना फटीतून पाणी उसळू नये म्हणून. मेव्हणे याला ‘अपग्रेडेशन’ म्हणत. आमच्या बँकेत अपग्रेडेशन झाले की चार दिवस सर्व्हर बंद असतो. इथे निदान होडी आधीपासूनच बंद होती.

तळाच्या फटीवरून सांगतो. ‘थुरिया’ ज्या ‘सुहेली’च्या घाटावर बांधली, ती ‘सुहेली’ आपल्या मुंबईतली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा मर्चंट नेव्हीतला तरुण. १९६० नंतरच्या त्या वर्षांत मुंबईला असताना त्याने ती सागवानात बांधून घेतली. बत्तीस फुटांची. बांधणारे हात आपले, वासला आपला, आणि १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात घालताना नारळही आपलाच फोडला. पुढे १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता, एकट्याने जगप्रदक्षिणा करून परतला. तोपर्यंत हे कोणीही केले नव्हते. शर्यतीत नऊजण होते, पुरा केला एकट्याने. आणि त्या प्रवासाच्या सुरुवातीलाच, आफ्रिकेच्या पश्चिमेला, होडीत पाणी येऊ लागले. कुठून? वरून नाही. कण्याच्या लगतच्या सांध्यातून, दोन्ही बाजूंनी. गडी समुद्रात उतरला. गोरे अंग शार्कला दिसू नये म्हणून काळे कपडे घातले, आणि श्वास कोंडून पाण्याखाली फटीत कापूस ठासू लागला. तो राहीना, तेव्हा कापूस कॅनव्हासच्या पट्टीला शिवला, पट्टी डांबरात बुडवली, तळाला खिळ्यांनी ठोकली, आणि वर तांब्याची पट्टी मारली. मधे एक शार्क आला, त्याला बंदुकीने घालवला आणि पुन्हा कामाला उतरला. मी हे मामांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “सागवान चांगलं असनार.” कारागिराला कारागीर ओळखू येतो. शार्क त्याच्या दृष्टीने किरकोळ.

आता तुम्ही म्हणाल, आपले पूर्वज काय करत होते? पूर्वी आपल्या समुद्रात खिळ्यांऐवजी नारळाच्या काथ्याने फळ्या शिवून जहाजे करत. मार्को पोलोने हुर्मुजला अशी शिवलेली जहाजे पाहून नाक मुरडले होते. पुढे खिळे आले, आरमारे आली. कल्याण-भिवंडीकडे शिवाजी महाराजांनी जहाजे बांधायला घेतली. कान्होजी आंग्र्यांची गुराबे आणि गलबते इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना जेरीस आणत. याचे एक कारण पुन्हा तळाशीच होते. आंग्र्यांच्या जहाजांना पाणी थोडे लागे, ती खाडीत शिरत. इंग्रजांचे खोल बुडाचे जहाज बाहेर तोंड वासून उभे राही.

आणि या आरमाराशी आम्हा पुणेकरांचा संबंध काय? आहे ना. पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांवर मोहीम काढली, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात ते आरमार जळून खाक झाले. पुण्याने समुद्राच्या बाबतीत मनापासून घातलेले हे एवढेच लक्ष. त्यानंतर आम्ही खडकवासल्याच्या टक्केवारीकडे वळलो.

शेवटचे काम लाकडाच्या एका ठोकळ्याचे होते, आणि हा सगळा लेख मी त्या ठोकळ्यासाठी लिहितो आहे. डोलकाठीचे बूड ज्या खोबणीत बसते तो ठोकळा कुजला होता. मामा म्हणाले, याला फणस पाहिजे. फणस फुटत नाही. मेव्हण्यांच्या कुंपणाला लागून पलीकडे एक जुना फणस उभा होता. अर्धा हिरवा, अर्धा वाळलेला. मेव्हण्यांनी लगेच करवत काढली. “एवढी वाळकी फांदी तर आपल्याच हद्दीत येते,” ते म्हणाले. हद्दीच्या बाबतीत पुणेकर कायदेशीर असतो.

मामांनी करवतीवर हात ठेवला. “इचारलं का?”

“कोणाला?”

“झाड जिचं हाय तिला. माझी चुलती हाय.”

मला एकदम आज्ञापत्र आठवले. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी राज्यकारभारावर जो ग्रंथ लिहिला, त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाची गोष्ट आहे. सागवान वगैरे लागेल ते रानातून परवानगीने तोडावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे, पण त्याला हात लावू देऊ नये. का? तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही, आणि एकाला दुःख देऊन केलेले काम करणाऱ्यासकट थोड्याच काळात बुडते. झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याचा संतोष करून तोडावे. जबरदस्ती करू नये. विचार करा, शत्रू समुद्रावर उभा आहे, जहाजे तातडीने हवी आहेत, आणि राज्याचा अमात्य लिहितो की आधी झाडाच्या मालकाला विचारा. मी बँकेत बावीस वर्षांत जेवढी परिपत्रके वाचली, त्यांत ‘संतोष’ हा शब्द मला एकदाही आढळलेला नाही.

आम्ही तिघे चुलतीकडे गेलो. ऐंशीच्या पुढची बाई, ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली. मामांनी विषय काढला. तिने आधी आमच्या सगळ्यांची चौकशी केली, मग झाडाची गोष्ट सांगितली. गाव उठले तेव्हा तिच्या सासऱ्याने परड्यातल्या फणसाची आठळी धोतराच्या सोग्यात बांधून आणली आणि इथे लावली.

“कुठलं गाव, आजी?” मी विचारले.

तिने हनुवटीने समोरचा तलाव दाखवला. “त्ये काय. खाली.”

मुळशीचा तलाव मी बदलीवर आल्यापासून रोज पाहत होतो. पाहुण्यांना दाखवत होतो. त्यावरचे फोटो काढून शाखेतल्या मंडळींना पाठवत होतो. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावे त्याच्या पोटात आहेत, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ते मला ‘सामान्य ज्ञान’ म्हणून ठाऊक होते, आणि सामान्य ज्ञान माणसाला फारसा त्रास देत नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटांच्या कंपनीने इथे धरण घातले. पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला नेऊन सोडले, आणि १९२७ साली तिथले वीजघर सुरू झाले. त्याआधी १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबर होते. बायाबापड्या कामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. १९२४ साली बापटांनी बांधकामाची आगगाडी अडवली, सात वर्षांची सजा घेतली, आणि लढा संपला. धरणाविरुद्धच्या देशातल्या अगदी पहिल्या लढ्यांपैकी हा एक.

यात एक बारीक तपशील आहे, तो माझ्या धंद्यातला म्हणून मला टोचतो. त्या जमिनींवर ज्यांचे कर्जाचे कागद होते त्यांत पुण्याचे सावकार होते. त्यांना मोबदल्याची रक्कम दिसत होती. कसणाऱ्याला जमीन दिसत होती. हिशेबाच्या बाजूने पाहिले तर सावकारांचे काही चुकले नाही. तारण बुडत असेल तर वसूल करावे, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. फक्त फणसाच्या आठळीचे मूल्यांकन कसे करायचे, ते शिकवत नाहीत.

चुलतीने फांदी न्यायला सांगितले. मी पाकीट काढले. अमात्यांनी सांगितले होते तसे, पैसे देऊन संतोष करावा म्हणून. तिने हात हलवला. “वाळली हाय ती. पैशे नगं. इचारलंत, लई झालं.” मग क्षणभर थांबून म्हणाली, “आमास्नी कुणी इचारलं न्हवतं.”

ठोकळा बसला, तारा ताणल्या, फळी सरकली. तलावात होडी घालायच्या परवानगीचे अर्ज मी लिहिले. अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा आहे. कागद या खिडकीतून त्या खिडकीत फिरून मे महिन्याच्या शेवटी सुटले. त्या दिवसांत पाणी खूप खाली गेलेले असते. होडी पाण्यात घालताना मेव्हण्यांनी नारळ फोडला. मी चुलतीला म्हणालो, “आजी, चला की तुम्हीपण, एक फेरी.”

ती हसली. “नगं बाबा. सासऱ्याच्या अंगनातनं चपला घालून जायचं व्हय?”

मेव्हणे सुकाणूवर, मी तोल सांभाळायला, मामा मधे. शीड निळेच होते, हे प्रथमच नक्की झाले. वारा भरला, तारा गुणगुणल्या, फळी पाण्याला अडून बसली आणि होडी चिंचोक्यासारखी सुटली. मी चौऱ्याऐंशी किलो घेऊन बाहेर कललो होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वजनाचे कोणाला तरी काम होते. दहाएक मिनिटे अशी गेली, की पगारवाढीच्या दिवशीही एवढे बरे वाटले नव्हते.

मग तळाला काहीतरी लागले. मोठा आवाज झाला नाही. नुसता खरखर असा, दाराची कडी चुकून घासावी तसा. मेव्हणे ओरडले, “फळी वर घ्या! खडक आहे!” मी फळी वर ओढली. शीड फडफडले, होडी थांबली. मामा कडेवरून वाकून खाली पाहत होते. पाणी गढूळ होते, पण हातभर खाली घडीव दगडांची एक सरळ रेघ दिसत होती. रेघ सरळ होती, कोपऱ्यात काटकोनात वळत होती. खडक काटकोनात वळत नाही.

“जोतं हाय,” मामा म्हणाले.

“कोणाचं?”

“आसंल कुनाचं तरी.” त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, त्याकडे पाहिले आणि परत सोडले. “आमचं आनखी तिकडं, खोलात हाय. आज्या सांगायचा.”

मेव्हणे जन्मात पहिल्यांदा काही दुरुस्त करायला धावले नाहीत. आम्ही फळी अर्धी वर ठेवूनच, वल्ह्याने हळूहळू काठाला आलो. काठावर फळी काढून पाहिली. खालच्या कडेला बोटभर ओरखडा उठला होता. मेव्हण्यांनी पॉलिश पेपर आणायला पिशवी उघडली. मामा म्हणाले, “राहू द्या. तेवढ्यानं काय थांबत न्हाई.” ओरखडा अजून आहे.

त्यानंतर आम्ही पुष्कळदा होडी काढली. दर हंगामाआधी मी तारांवरून कापसाचा बोळा फिरवतो, खिळीची चकती पाहतो, पेटीची फट पाहतो. खर्चाच्या वहीत निम्मी रक्कम माझ्या नावे लिहितो. फणसाच्या ठोकळ्यासमोर आकडा नाही. नियमाप्रमाणे तिथे शून्य लिहायला हवे, पण लिहवत नाही. ती जागा मी कोरी ठेवली आहे, आणि आमच्या बँकेत असे केले तर मेमो मिळतो.

एक सवय मात्र लागली आहे. होडीत पाय ठेवण्याआधी मी चपला काढून काठावर ठेवतो. मेव्हणे सगळ्यांना कौतुकाने सांगतात, की भावोजी आता मुरले, अनवाणी पायाला पकड चांगली येते हे त्यांना आपणहून कळले. मीही मान डोलावतो.